साक्षपट्ट्यांस शेंदूर चढला त्याची बखर

॥ श्री ॥ जे लोखंडास निववते आणि जे लोखंडास खाते, त्या एकाच पाण्यास आधी नमस्कार असो. शालिवाहन शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सर, ते साली राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहावे तर सरकारास राग येतो, आणि ज्याचा जीव गेला तो नाव लिहूनही माघारा येत नाही, मग कशास लिहावे.

राज्य थोर होते. चौफेर तट, चार दरवाजे, दरवाजावर भोंगा, आणि भोंगा वाजला म्हणजे तिन्ही पाळ्यांची माणसे आत-बाहेर होत. आत रंग शिजविण्याचा कारखाना, आणि कारखान्याचे काळीज म्हणजे महाकढई. तीत मसाला शिजे तो जातीचा तापट, एकदा चढला म्हणजे कोणास आवरत नसे. म्हणोन पूर्वीच्या शहाण्यांनी कढईस पोलादाचा दुहेरी अंगरखा घातला आणि दोन पदरांमधून थंड पाणी अष्टौप्रहर खेळविले. ते पाणी कढईचा ताप आपल्या अंगावर घेई, मग थंडबुरुजावर चढे, वरून धारा होऊन खाली पडे, वाऱ्याने निवे, आणि मोठ्या नळातून पुन्हा कढईस जाई. ऐसे तेच पाणी फिरफिरून चाकरी करी. पाणी खंडले तर कढई उतू जाणार, आणि कढई उतू गेली तर जवळचा मनुष्य वाचणार नाही, हे राज्यात लहानथोर सर्व जाणत होते, आणि जाणून सर्व सुखाने जेवत होते. आता या पाण्यास गनीम दोन. एक गंज, तो उघड मैदानी लढे, दिसे, घासला तर निघे. दुसरा गनीम जंतूंचा, तो डोळ्यास दिसत नसे. बुरुजावर ऊन, वारा आणि धूळ यथेच्छ मिळे, तेथे त्याचा जन्म होई, आणि मग तो नळात उतरून भिंतीस बुळबुळीत लेप धरी, आणि त्या लेपाखाली वाराही न लागता बसून पोलाद कुरतडी. लेप एकदा बसला म्हणजे जंतू मारावयास पाण्यात टाकिलेले औषध वरूनच वाहून जाई, खालच्यास त्याची खबरही नसे. म्हणोन औषध लेप धरण्याआधी पडावे, वेळेवर पडावे आणि पुरते पडावे, ऐसा नियम होता.

हा नियम राखावयास सरकारांनी जलवैद्य ठेविला होता, त्याचे नाव मोरोपंत वझे. विद्या मोठी, हात स्वच्छ, बोलणे गोड, फक्त पाठीचा कणा बेताचा. नळ सदा भरलेला, तो आत कैसा आहे हे कोण पाहणार? त्यास पंतांनी युक्ती चालविली होती ती ऐसी की, नळ ज्या पोलादाचा त्याच पोलादाच्या बोटभर रुंद पट्ट्या कराव्या, तोलून घ्याव्या, दोरीस बांधून बुरुजाखालच्या हौदात, वाहत्या पाण्यात टांगाव्या. निम्म्या पौषात काढाव्या आणि निम्म्या उन्हाळ्यात, मग घासून पुन्हा तोलाव्या. पट्टी जितकी झिजली तितकाच नळ झिजला, ऐसे समजावे. यांस साक्षपट्ट्या म्हणत. नळाच्या पोटातले खरे बोलणारा राज्यात तो एवढाच साक्षीदार होता, बाकी सारे पगारी होते.

आणि महाकढईची राखण ज्याकडे होती तो भट्टीनाईक हैबतराव शेलार. अंगाने आडवा, आवाज ऐसा की पंप चालू असता दुसऱ्या टोकास ऐकू जाई, आणि मनुष्य भाविक. कढईपासून हातभर अंतरावर त्याची चौकी. जीव त्याचा, आणि जीवाची वार्ता पट्ट्यांपाशी, हे त्यास पुरते ठाऊक होते. म्हणोन पाळीस येता प्रथम हौदापाशी जाई, पट्ट्यांच्या दोरीस हात लावी, तो हात कपाळास लावी, आणि मग कढईपाशी जाई. पंत हसून म्हणत, "नाईक, ती लोखंडाची पट्टी आहे, देव नव्हे." हैबती म्हणे, "पंत, देवाला माझं नाव ठाऊक हाय का न्हाई कुणास ठाऊक. ह्या पट्टीला माझं मरण ठाऊक हाय. मग हात कुणाला जोडू?"

ऐसे चालत असता आश्विन मास आला, नवरात्र बसले, आणि पंत दरसालच्या रिवाजाप्रमाणे कुलदेवतेस गेले. मागे खंडेनवमी आली. त्या दिवशी राज्यात हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, पंप, तोलकाटे, सदरेवरची टंकलेखनाची यंत्रेदेखील धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून, शेंदुराची बोटे ओढून ठेविली. कारखान्यात त्या दिवशी शेंदूर नाही ऐसी जागा दाखवावी आणि इनाम घ्यावे, ऐसे होते. कढई दोन दिवस विझविली होती, पाणी उभे होते. तेव्हा हैबती सर्वांस बोलिला, "पान्यांची पूजा झाली, पंपांची झाली. माझं हत्यार त्या हौदात टांगलंय, त्याला कोण पुजणार?" आणि पट्ट्या वर काढविल्या. त्याची बायको सगुणाबाई पूजेस आली होती, तिच्या हाती वाटी होती. ती म्हणाली, "म्या घरूनच कालवून आणलाय. तिळाच्या तेलातला शेंदूर पाण्यानं धुऊन जाईल, म्हणून अळशीच्या पक्क्या तेलात घोटलाय. माझा भाऊ पाट्या रंगवतो न्हवं का, त्यानं सांगितलं, दोन दिस वाळू दिला की मग पावसाच्या बापाला जायचा न्हाई." मग नवराबायकोने मिळून एकेक पट्टी पुसिली, दोन्ही बाजूंनी शेंदूर चढविला, कडादेखील सोडिल्या नाहीत. सगुणाबाई प्रत्येक पट्टीस म्हणे, "राख गं बाई माझ्या माणसाला." दसऱ्याचा दिवस पट्ट्या उन्हात वाळल्या, मग पुन्हा पाण्यात टांगिल्या. पाहणारे पुष्कळ होते. कोणास काही वावगे वाटले नाही, कारण सर्व हत्यारांस जे केले तेच पट्ट्यांस केले. आणि पंत माघारे आले तेव्हा कोणी सांगितलेही नाही. खंडेनवमीस शेंदूर लाविला, ही काय सांगावयाची गोष्ट आहे?

पुढे पौष मास आला. रिवाजाप्रमाणे निम्म्या पट्ट्या निघाल्या. घासकऱ्यांनी वरचा बुळबुळीत लेप काढिला, खाली तांबडे दिसले, ते गंज समजून क्षाराच्या पाण्यात टाकिले आणि खसखसून घासिले. दरसाल तांबडेच निघे, यंदाही तांबडे निघाले. आतून पट्ट्या ऐशा निघाल्या की तोंड पाहावे. पंतांनी तोलिल्या, पुन्हा तोलिल्या, काटा बदलून तोलिल्या. गुंजभरही झीज नाही. पंतांचे मन चरकले. उत्तम पाण्यातही पट्टी थोडी झिजते, न झिजलेली पट्टी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. घासकऱ्यांस पुसावे ऐसे मनात आले, तोच दिवाणसाहेबांचा हुजऱ्या बोलावू आला.

दिवाण त्रिंबकराव म्हणजे राज्याचा सर्व कारभार. ते औषधावर आधीच नाराज होते, कारण बुरुजावरून औषधाचा दर्प सदरेपर्यंत येई, पाहुण्यांचे डोळे चुरचुरत, आणि महाराज नाकास रुमाल लावीत. ही वार्ता ऐकून दिवाण फार संतोषले. त्यांनी दरबार भरविला, चकचकीत पट्ट्या रुप्याच्या तबकात घालून महाराजांपुढे फिरविल्या, आणि बोलिले, "महाराज, पंतांनी गनीम निर्मूळ केला. आता शत्रूच नाही तर तोफा कशास डागाव्या? औषध निम्मे करावे." महाराजांस पट्टीत आपले मुख दिसले, ते पाहून प्रसन्न जाहले, आणि पंतांस शाल दिधली. त्या समयी पंतांनी बोलावयास तोंड उघडिले होते, हे पाहणाऱ्यांनी पाहिले आहे. परंतु शाल अंगावर पडली, लोकांनी वाहवा केली, आणि पंतांनी उघडिले तोंड तैसेच हसण्याकडे वळविले. माझे मत विचाराल तर हैबती त्याच दिवशी गेला, फक्त त्याचे त्यास कळावयास दोन महिने लागले.

औषध निम्मे जाहले आणि गनिमाचे फावले. बुरुजावर हिरवे, हिरव्याखाली काळे, आणि काळे ते नळात उतरून बसले. माघात एके सकाळी पंत कढईपाशी आले असता हैबतीने नळाची चाचणीची तोटी सोडिली, आणि कुजक्या अंड्याचा भपकारा आला. पंतांनी नाकास हात लाविला आणि चेहरा उतरला. हा वास म्हणजे लेपाखाली बसून पोलाद खाणाऱ्या जंतूंचा, हे पंतांइतके राज्यात कोणास ठाऊक नव्हते. हैबती म्हणाला, "ह्यो वास लई दिसांचा हाय. पोरं म्हणतात कढई बंद करा. म्या म्हनलं, पट्ट्या चकचकीत निघाल्या न्हाईत का? मग वास कशाचा का असंना. पट्टी खोटं बोलायची न्हाई." पंत म्हणाले, "नाईक, नळ एके ठिकाणी कापून आत पाहिला पाहिजे." हैबती म्हणाला, "तुमास्नी वाटतंय तर कापू की. तुमी सांगा, म्या कढई इझवतो." पंत म्हणाले, "दिवाणांस विचारून येतो." ते गेले. दिवाण म्हणाले, "कढई विझविणे म्हणजे मागणीचा माल अडविणे. आणि कशाकरिता? आपलीच पट्टी खोटी, ऐसे आपणच म्हणता? मग पंत, ती शालही खोटीच म्हणावी लागेल." पंतांनी खाली पाहिले. औषध तरी पुरते करा, ऐसे हळूच बोलिले. दिवाण म्हणाले, "पुढील पट्ट्या उन्हाळ्यात निघतील, तेव्हा पाहू." पंत परत आले, हैबतीस म्हणाले, "उन्हाळ्यात पाहू." हैबतीने मान डोलाविली आणि चौकीवर जाऊन बसला. पंतांनी पुन्हा शब्द काढिला नाही. घरी जाऊन शाल पेटीच्या तळाशी घातली, इतकेच केले.

मग फाल्गुन वद्यात, ऊन तापू लागले असता, भर दुपारी ते घडले. दुसरी पाळी नुकती चढली होती. कढईत मसाला अर्धा शिजला होता. मोठा नळ कढईच्या अंगरख्यास मिळतो त्या बाकावर, म्हणजे वळणावर, प्रथम एक धार सुटली, बोटाएवढी, काळ्या पाण्याची. कोणी फडके बांधावयास धावला, त्याचा हात लागताच पोलाद खपली निघावी तैसे निघाले, आणि सारा बाक सुटोन पाणी जमिनीवर आले. अंगरखा कोरडा पडला. तापाचा काटा चढू लागला. मसाला मातला. अशा समयी उपाय एकच, कढईखालचे चाक फिरवून सारा मसाला पाण्याच्या खंदकात सोडावा. ते चाक कढईच्या पोटाखाली, वाकून जावे लागे. हैबती ओरडला, "भाईर व्हा समदे! मागं बघू नगा! पळा!" त्याचा हाताखालचा गडी रामजी बोऱ्हाडे म्हणाला, "नाईक, तुमी?" हैबती म्हणाला, "चाक कुणी फिरवायचं, तुझ्या मेव्हण्यानं? पळ म्हनतो न्हवं!" आणि खाली वाकून आत गेला. लोक दरवाजापर्यंत पोचतात तोच खंदकात मसाला पडल्याचा आवाज जाहला, वाफेचा डोंगर उठला, आणि भोंगा कोणी न वाजविता कितीक वेळ वाजत राहिला. कढई फुटली नाही. तट राहिला, तटाबाहेरची वस्ती राहिली, पाळीची सर्व माणसे राहिली. चाक पुरते फिरलेले होते. हैबती चाकापाशी सापडला. हात चाकावरून सोडवावे लागले. याहून अधिक लिहवत नाही.

मग चौकशी बसली. नळ कापिला. बाहेरून त्यास दिवाळीत दिलेला रुपेरी रंग तैसाच लखलखत होता, आणि आत किडक्या दाढेसारखी पोकळी. दिवाणांनी हुकूम केला की, नळ घडविणारा कारागीर लबाड, त्यास काळ्या यादीत घालावा आणि नवा नळ बसवावा. पंत उभे होते. ते तडक हौदापाशी गेले, आणि उन्हाळ्याकरिता राखिलेल्या पट्ट्या आपल्या हाताने वर काढिल्या. घासकऱ्यांस दिल्या नाहीत. नखाने लेप सारिला, खाली तांबडे. नखाने तांबडे खरवडिले, ते गंजासारखे भुगा होऊन निघेना, पापुद्रा होऊन निघाले, आणि खाली पोलाद कोरे. पंतांनी तो पापुद्रा हुंगिला, रंगाऱ्याच्या दुकानाचा वास आला. शेंदूर म्हणजे शिसे जाळून केलेली भुकटी, आणि अळशीच्या तेलात तीच भुकटी घोटून पुलांस आणि जहाजांस गंज लागू नये म्हणोन देतात, हे त्यांस पाठ होते. साक्षीदारास चिलखत घालून लढाईवर धाडिला, तो जखमा कोठून दाखविणार?

हात कोणाचा, हे घासकऱ्यांनी सहज सांगितले. पंत सगुणाबाईकडे गेले. घरात दिवा होता, बाई भिंतीस टेकून बसली होती. पंतांस पाहून पदर सावरिला आणि म्हणाली, "बसा पंत." पंत बसले. बाई म्हणाली, "मला येक सांगा. तुमी शिकल्यालं हायसा. पट्ट्यांना शेंदूर म्याच कालवला, धुऊन जाऊ नये म्हणून अळशीचं तेल घातलं. पट्ट्यांना वरखडा न्हाई म्हणत्यात. देवानं लोखंड राखलं आन् माणूस न्हाई राखला. असं कसं वो? माझं काय चुकलं?" पंत सांगावयासच आले होते. त्यांनी बाईच्या हातांकडे पाहिले, तो सण कधीच सरला होता, तरी नखांच्या कडेस तैसाच तांबडा रंग त्यांस भासला. ते म्हणाले, "तुमचे काही चुकले नाही." हे खरेही होते आणि खोटेही होते. मग उठोन घरी आले आणि निश्चय केला की, घरात न बोललो ते दरबारात बोलेन.

दरबार भरला. नाईकाच्या बायकोस घर आणि भाकर चालावी म्हणोन तीस बोलाविले होते. पंत तापलेल्या तोंडाने पुढे सरले. इतक्यात दिवाण त्रिंबकराव उभे राहिले आणि बोलिले, "सरकारात कुजबूज आहे की पट्ट्यांस कोणी हात लाविला. जो कोणी लाविला असेल, नाईकाचे मरण त्याच्या माथी. त्यास घर नाही, भाकर नाही, तटाबाहेर घालावा." आणि महाराजांनी मान डोलाविली. तेव्हा पंतांनी मागे पाहिले, तो सगुणाबाई आपण होऊन पुढे आली. दिवाणांचे दरबारी बोलणे तीस पुरते कळले नव्हते, ती आपल्याच दुःखात होती. हात जोडून म्हणाली, "म्हाराज, पट्ट्यांची पूजा आमी केली, शेंदूर माझ्या हातचा. माझं माणूस गेलं ते गेलं. पर पट्ट्या तुमच्या राखल्या की न्हाई बगा. दुसऱ्या कुनाच्या मानसाला काय हुऊ नये म्हणून दरसाल म्याच लावीन. येवढं मला द्या." दिवाणांनी भुवया चढविल्या. महाराज दयाळू होते, त्यांचे डोळे भरून आले. ते पंतांकडे वळले आणि पुसते जाहले, "पंत, आपण जाणते. शेंदुराने पट्टीस काही बाध येतो काय? सांगा."

सगळे पंतांकडे पाहू लागले. सगुणाबाईही पाहू लागली. खरे बोलावे तर बाई तटाबाहेर, आणि त्याहून वाईट, आपल्याच हाताने नवरा मारिला हे तीस दरबारात कळणार. न बोलावे तर पट्टी कायमची मुकी. एकदा मनुष्य शालीकरिता गप्प राहिला होता, तेव्हा बोलणे सोपे होते. आता दयेकरिता गप्प राहणे आले, आणि बोलण्याची सवय तर कधी लाविलीच नव्हती. पंत म्हणाले, "बाध नाही, महाराज."

मग महाराजांनी बाईस वतन करून दिले की, दर खंडेनवमीस साक्षपट्ट्यांचा शेंदूर हिच्याच हातचा, हिच्यामागे हिच्या लेकीचा. दिवाणांच्या भुवया उतरल्या, कारण पट्ट्या चकचकीत निघणे त्यांसही सोयीचेच होते. कारागीर काळ्या यादीत गेला. नवा नळ बसला. औषध निम्मेच राहिले.

इत्यर्थ ऐसा की, गनीम नळात आहे तैसाच आहे, आणि पाणी फिरते आहे. मोरोपंत नवरात्रास आजही कुलदेवतेस जातात, आता दोन दिवस अधिक राहतात. सगुणाबाई नवमीच्या आधी अळशीचे तेल आणविते आणि रामजी बोऱ्हाड्याच्या बायकोस जवळ बसवून घोटावयास शिकविते, "चांगलं घोट गं, कडा सोडू नगंस, तुझ्याच मानसासाठी हाय." रामजी आता भट्टीनाईक आहे. तो पाळीस येता प्रथम हौदापाशी जातो, पट्ट्यांच्या दोरीस हात लावितो, तो हात कपाळास लावितो, आणि निर्धास्त होऊन कढईपाशी बसतो. लेखनसीमा.